बोर्डिंगचं पेव

हल्ली बारामतीला गेलं की माझी नात मला गाडीतून मुद्दाम कॉलेजांच्या बाजूनं फिरवून आणते. "आजी, हे बघ मुलींचं हॉस्टेल. ही लायब्ररी. ही मेस, इथं रविवारी पनीर असतं." मी बघते, मान डोलावते. मग ती गाडी हळू करून विचारते, "तुमच्या शाळेच्या वेळी काय होतं गं इथं?" मी म्हणते, "एक कडुलिंबाचं झाड होतं आणि त्यावर मी होते." ती हसते. म्हातारी फिरकी घेते असं तिला वाटतं. फिरकी मी घेतेच, ती खोड जन्माची आहे. पण हे वाक्य अगदी खरं आहे. लिंबावर मी होते आणि लिंबाखाली बोर्डिंगचं पेव होतं. त्या पेवाबद्दल मी तिला कधी सांगितलं नाही. या पोरींना पेव म्हणजे काय इथपासून सांगायला बसावं लागतं आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजतो. म्हणून लिहूनच ठेवते.

बोर्डिंग म्हणजे कालव्याच्या पाटाच्या पलीकडं, गावाच्या कडेला भाड्यानं घेतलेलं एक लांबलचक पत्र्याचं घर. पूर्वी तिथं कुणा व्यापाऱ्याचा गूळ साठवलेला असायचा. गूळ गेला तरी भिंतींना त्याचा वास राहिला होता, आणि वासाच्या आशेनं मुंग्या राहिल्या होत्या. इंदापूरकडच्या कोरड्या गावांतून बारामतीच्या इंग्रजी शाळेत शिकायला आलेली पोरं तिथं राहायची. उशाला पत्र्याची ट्रंक, पायाशी घोंगडी, आणि मध्ये एक पोरगं, अशी ओळ भिंतीपासून भिंतीपर्यंत. पहाटे घंटा व्हायची, म्हणजे लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर कुणीतरी लोखंड हाणायचं. मग पाटावर आंघोळी, मग मोठ्यानं पाठांतर. इतक्या जणांचं पाठांतर एकदम चाललं की कुणाला शिवाजी कळायचा नाही नि कुणाला त्रैराशिक. दौंडहून येणारी छोटी आगगाडी दूर शिटी घालायची तेव्हा एखादं नवं पोरगं पांघरुणात तोंड घालून रडायचं. जुनी पोरं म्हणायची, "रडून घे, गाडी रोजच येती." माझे वडील, आबा, शाळेत मास्तर आणि बोर्डिंगचे गृहपती होते. आई पळसदेवला शेतीवाडी आणि म्हाताऱ्या सासूसासऱ्यांपाशी. म्हणून इथलं स्वयंपाकघर आबांच्या विधवा बहिणीकडं, माझ्या सखूआत्याकडं होतं. सकाळी ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी, संध्याकाळी पातळ आमटी आणि ज्वारीची भाकरी. कुणी तोंड वेंगाडलं की आत्या म्हणायची, "बदल पायजे व्हय? मग आज आदी आमटी पी आन् मागनं भाकरी खा."

आणि मी. माझं नाव गोदावरी, पण गोदी म्हटल्याशिवाय मी ओ देत नसे, आणि कधी कधी म्हटल्यावरही देत नसे. सगळ्या बोर्डिंगात मी एकटी मुलगी. शाळेत जायचे, आणि जायचे ते असं काही डोकं वर करून की समोरचं शेण दिसू नये. पाय त्यात पडायचाच. इंग्रजी शिकायला लागून काही महिनेच झाले होते, तरी मी आत्याच्या शेळीशी इंग्रजीतून बोलायची. शेळीची एकही तक्रार नव्हती, त्यामुळं माझं इंग्रजी चांगलं आहे अशी माझी खात्री झाली. हवेतला प्राणवायू या विषयावर तर मी चुलीसमोर भाषण देत असे. आत्या फुंकणी माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "ह्यो घे तुझा प्राणवायू. फुक."

आबांनी बोर्डिंगात दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून ठेवल्या होत्या. पंगत एकच आणि काम पाळीनं. झाडलोट, पाणी, दळण, खरकटं, सगळ्यांची पाळी; पाटलाचा मुलगा असो की कुंभाराचा. आज हे वाचणाऱ्याला त्यात काही वाटणार नाही. त्या दिवसांत यासाठी आबांना रस्त्यानं जाता-येता काय काय ऐकावं लागे ते मी लिहीत नाही. पंगतीत सुरुवातीला काही पोरं आपलं ताट हळूच हातभर पलीकडं सरकवायची. आबा वाढता वाढता पायानं ते ताट परत ओळीत सरकवायचे आणि बोलायचे भलतंच, "काल त्रिकोण कुणाचा चुकला?" असं करत करत ताटं सरकायची थांबली. निदान आम्हांला वाटलं, थांबली.

ताटं सरकायची ती सोपानच्या शेजारची. सोपान डाळजच्या महारवाड्यातला. उंच, हाडकुळा, गणितात सगळ्यांच्या पुढं, आणि बोलण्यात इतका कंजूष की त्याच्याशी भांडणसुद्धा करता येत नसे. मी पुष्कळ प्रयत्न केले. त्याला सोडायला त्याची आजी आली होती ते मला लख्ख आठवतं. ती अंगणाच्या आत आली नाही. लिंबाच्या पलीकडं उभी राहिली आणि आबा तिच्यापाशी गेले. पोराला काय खायला घालाल, कुठं झोपवाल, यातलं काही तिनं विचारलं नाही. म्हणाली, "मास्तर, येकच मागती. ह्येला पेवात उतरवू नका. ह्येचा आजा पेवात ग्येला. बाहीर काडला तवा त्वांडात जुंधळं व्हतं." आबा म्हणाले, "नाही उतरवणार. शब्द देतो." म्हातारीनं पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि आली तशी चालत गेली.

आता पेव सांगते. जमिनीत खोल खणलेला खड्डा, पण साधा नव्हे. वर तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं, आणि आत मडक्यासारखं फुगत गेलेलं पोट. आतून सारवायचं, कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी, फरशीवर चिखल, चिखलावर माती. आमच्या भीमेकाठी अशी पेवं घरोघर असत आणि त्यातलं धान्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं राही. पण पेव उघडलं की त्यातून आधी धान्य निघत नाही, कोंडलेला वायू निघतो. म्हणून ते उघडून सोडायचं, मग कंदील आत सोडायचा. विझला तर अजून थांबायचं, तेवत राहिला तर उतरायचं. उतरायचं कुणी, हे गावोगाव ठरलेलं होतं, आणि ते ठरवताना उतरणाऱ्याला कुणी विचारलेलं नव्हतं. सोपानचा आजा त्या ठरलेल्यांतला.

बोर्डिंगला गावोगावचे पालक सुगीला गाडीनं ज्वारी पाठवत. ती ठेवायची कुठं? आबा इंदापूरकडचे, त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नाही. लिंबाखाली पेव खणलं. बारामतीकडच्या लोकांनी पाट आल्यापासून पेवं बुजवून टाकली होती, पण ते आम्ही पुढं ऐकलं. आमच्याकडची माणसं पाणी वर शोधतात, आभाळात. ते जमिनीखालून चालत येईल, कुणाच्या घरादारापर्यंत, हे आमच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पेव भरलं, बुजवलं. पुढच्या माघात सगळं रान वाळून करडं झालं, तरी पेवावरची हरळी हिरवीगार. पोरांनी तिला बाग नाव ठेवलं. शेळी तिथून हलेना. आत्या एकदा भाकरी थापता थापता दारातून बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, कोरड्या भुईला कुणाचं दूध फुटलंय म्हनायचं?" आबा वह्या तपासत होते. मी मात्र उत्तर दिलं की वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की ते आजही आठवलं तर मी खुर्चीत नीट बसते.

शिमग्याच्या थोडं आधी पेव उघडायचं ठरलं. नवी ज्वारी अजून खळ्यावर होती, कोठीतली पोती संपत आली होती. आबांनी पोरांना गोळा केलं आणि सांगितलं, "हेही काम पाळीनं होईल. मी पहिला." पोरं खूश झाली. पण पाळी लावताना सोपानचं नाव आलं तिथं आबा पुढच्यावर गेले. कुणी बोललं नाही. मी बोलले. मला पाळीत घ्या म्हणाले. आबा म्हणाले, "नाही." मग सोपानला का नाही, आणि मला का नाही, मी मुलगी म्हणून का, असं विचारत मी लिंबावर चढले आणि जाहीर केलं की हा सत्याग्रह आहे. आत्या खालून म्हणाली, "बस तितंच. शेरडाला वरनं पाला टाक म्हंजे तेवडं तरी काम हुईल." मी पाला टाकला. सत्याग्रहाचं तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण टाकला.

उघडलं त्या दिवशी तोंडातून जो वास आला तो मला आवडला नाही. आंबूस, ताडीच्या मडक्यासारखा. कंदील सोडला तर मध्येच विझला, कुणी चिमटीत धरावी तशी वात गेली. दुसऱ्या दिवशी तेवला. आबा उतरले, मग एकेक पोरगं. वरच्या थराची ज्वारी मोत्यासारखी होती. टोपली भरून वर येत, खाली उतरलेला ओरडत राही, वरचे त्याला चिडवत. पण त्या चेष्टेत एक नवा काटा आला होता. "सोपान, तुझी पाळी कुनी खाल्ली रं?" "आबांचा जावईच त्यो, त्येला कशाला धूळ लागंल!" सोपान टोपल्या ओतत होता. दुपारी तो आबांसमोर जाऊन उभा राहिला. "माझी पाळी लावा."

"तुझ्या आजीला शब्द दिलाय."

"तिला दिलाय. मला इचारलं व्हतं का?"

आबा म्हणाले, "आजीला विचारून ये. ती हो म्हणाली तर लावतो." सोपान म्हणाला, "ती मरंल पन व्हय म्हननार न्हाय," आणि टोपली उचलून गेला.

शिमग्याला पोरं घरोघर गेली. पेवाच्या तोंडावर फरशी सरकवली, वर ओलं पोतं टाकलं. आमच्याकडं समजूत अशी की पेवानं एकदा दम सोडला की ते पुन्हा दम धरत नाही. उघडलेलं पेव म्हणजे कोठीच. कोरड्या भुईत ते खरंही होतं. इथं मात्र खाली तळाशी पाटाचं पाणी झिरपून ज्वारी फुगत होती, आंबत होती, आणि फरशीखाली ते पोट पुन्हा हळूहळू भरत होतं. त्या सुट्टीत मी रोज त्या फरशीवर बसून लिंबाच्या सावलीत वाचायची. शेळी मात्र आता तिकडं फिरकत नव्हती. मला वाटलं, माझ्या इंग्रजीला कंटाळली.

पोरं परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. शाळेची मधली सुट्टी होती, पोरं जेवायला आली होती, आबा शाळेतच होते. आत्यानं दारातून हाक दिली, "संध्याकाळच्या दळनाला दाणं न्हाईत. येक टोपलं काडा रं कुनीतरी." क्रमानं पाळी सोपानची. ती वगळली की रंगरावची. रंगराव भीमेकाठच्या एका पाटलाचा एकुलता मुलगा, गोरा, गुबगुबीत, जिवाचा उदार. घरून आलेले लाडू सोपानच्या ट्रंकेत आधी ठेवायचा. त्याच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. अर्ध्या गावांच्या ज्वारीच्या गाड्या तात्यांच्या शब्दावर बोर्डिंगला येत. एक पंगत त्यांना कधीच पसंत नव्हती, पण मुलगा शिकत होता, पहिल्या पाचांत येत होता, म्हणून डोळे मिटले होते. हे डोळे उघडायला एक निमित्त पुरेल, हे आबा जाणून होते, आत्या जाणून होती, आणि भिंतीआडून सगळं ऐकणारी मी तर दोघांपेक्षा जास्त जाणून होते.

मी लिंबावर होते. सत्याग्रह सुट्टीपुरता स्थगित केला होता तो पुन्हा सुरू केला होता. वरून सगळं दिसत होतं. फरशी सरकवली. एक जण म्हणाला, "कंदील?" रंगराव म्हणाला, "आरं, परवा तर उघडलं व्हतं. दम ग्येला त्येचा." कमरेला दोरीसुद्धा न बांधता, कडेला हात टेकून तो आत सरकला. आतून त्याचा आवाज आला, "सोडा टोपलं." सोडलं. मग तो काहीतरी बोलला, ते कुणाला समजलं नाही, आणि पोरं हसली. "आरं, मोट्यानं बोल की, पिल्यागत काय बोलतुयास?" मग काही आलं नाही. दोरी सैल पडली होती ती सैलच राहिली. वरून मला त्या काळ्या तोंडात काहीच दिसत नव्हतं, फक्त दोरी दिसत होती.

कुणीतरी वाकून हाक मारली आणि खोकत मागं झालं. मग सगळे ओरडायला लागले. आत्या पिठाच्या हातानं धावत आली. एक पोरगं आबांना आणायला शाळेकडं पळालं. आणि मग एक गोष्ट झाली. ओरडणं एकदम थांबलं. वाऱ्याची झुळूक आली की शाळूची कणसं कशी एका बाजूला वळतात, तशी खालची सगळी डोकी वळली. कुणी कुणाला खूण केली नाही, कुणी नाव घेतलं नाही. इतके दिवस एका ओळीत जेवलेली ती पोरं, त्यांत चांगली होती, भांडखोर होती, सोपानच्या वहीतून गणितं उतरवून पास झालेली होती. सगळी सोपानकडं बघायला लागली. तो टोपल्यांच्या ढिगाशी उभा होता. मी झाडावर असल्यामुळं मला चेहरे दिसत नव्हते, फक्त डोकी दिसत होती, म्हणूनच ते इतकं स्वच्छ दिसलं. पुष्कळ पुढं मी मोठमोठी भाषणं ऐकली, या विषयावर पुस्तकंही वाचली. त्या डोक्यांच्या वळण्याएवढं मला कुणी समजावून दिलं नाही.

सोपाननं सदरा काढला. आत्यानं त्याचा दंड धरला. "न्हाय."

"आत्या, सोडा. त्यो मरंल."

"तूबी मरशील. मग दोन हुतील." आणि त्याला सोडून ती बाकीच्यांवर ओरडली, "बघताय काय! घोंगडी आना!" दोरीला घोंगडी बांधून तिनं ती पेवात सोडली आणि सपासप वरखाली ओढायला लावली, हवा घुसळावी म्हणून. घोंगडी वर आली की तो आंबूस वास लिंबाच्या शेंड्यापर्यंत यायचा. तेवढ्यात आबा आले. चप्पल पायात नव्हती. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. जमलेल्या पोरांकडं एकदा पाहिलं, सदरा हातात घेतलेल्या सोपानकडं पाहिलं, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं असं मला वरून वाटलं. "माझ्या कमरेला दोर बांधा. मी हलवला नाही तरी ओढा." खोल श्वास घेऊन ते उतरले.

मी झाडावरून कशी उतरले ते मला माहीत नाही. गुडघ्यावरच्या व्रणाबद्दल मात्र डॉक्टरीण अजून विचारते. दोर हलला नाही. पोरांनी ओढला. सोपान सगळ्यात पुढं होता, त्याच्या हातांची सालं निघाली. आधी आबांचं डोकं आलं, ओठ निळे, आणि त्यांनी दोन्ही हातांनी काखेत धरलेला रंगराव, ज्वारीनं माखलेला. त्याच्या तोंडातून दाणे निघाले. आत्यानं त्याला पालथा घातला, पाठीत गुद्दे मारले, कांदा फोडून नाकाशी धरला, आणि शिव्या देत राहिली; त्याला, पेवाला, देवाला. पुष्कळ वेळानं रंगराव खोकला. तो खोकला ऐकून एवढा मोठा आवाज करून कुणी रडलं की सगळ्यांनी वळून पाहिलं. ती मी. प्राणवायूवर भाषण देणारी विदुषी.

मग थांबणं आलं. रंगराव खाटेवर पडून होता, डोकं ठणकत होतं, पण शुद्धीत होता. आबांचा आवाज बसला होता. बाजाराला आलेल्या माणसांनी बातमी कधीच भीमेकाठी नेली असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं पाठांतरसुद्धा हळू करत होती. आत्या चुलीपाशी बसून रस्त्याकडं कान लावायची. गाडीचा आवाज आला की तिचा हात भाकरीवर थांबायचा, गाडी पुढं गेली की पुन्हा चालू. पेवाचं तोंड उघडंच होतं. कुणी त्याच्या जवळून जात नसे, लिंबाला वळसा घालून जात.

तात्या आले ते छकड्यातून, मागं दोन माणसं. आधी मुलापाशी गेले, त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग अंगणात आले. आम्हांला वाटलं होतं ओरडतील. ते अगदी हळू बोलले.

"मास्तर, तुमी उतरला. माज्या पोराला काडला. ह्ये मी मरंस्तवर इसरनार न्हाय."

"माझं कामच होतं ते, तात्या."

"व्हय. पर येक सांगा." त्यांनी सोपानकडं बोट केलं नाही, नुसती हनुवटी वळवली. "त्यो हितं आसताना माजं पोरगं उतरलं कसं?"

खाटेवरून रंगराव म्हणाला, "तात्या, मी आपनहून..."

"तू गप." पुन्हा आबांकडं वळून, "मी पंगत सोसली, मास्तर. पानी सोसलं. गावानं त्वांडावर नावं ठेवली ती सोसली. पर ज्येचं काम त्येनं करायचं सोडून माज्या लेकरानं मराय जायाचं? आसं न्हाय चालायचं. आता पेवात दाणं हायेत. उंद्या ते काडा. त्येला उतरवा. म्हंजे चार गावांना मी सांगतो, मास्तरास्नी समजलं. पोरं हितंच ऱ्हातील, नव्या जुंधळ्याच्या गाड्या यितील. न्हायतर मी आजच पोरगं न्हेतो. आन् मी न्हेलं की मागं कोन ऱ्हातंय ते तुमी जाणताच."

सोपान पुढं आला. "आबा, मी उतरतो. हवा घालवून, कंदील सोडून. आता काय हुनार न्हाय."

आबांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांचा बसलेला आवाज इतका बारीक आला की तात्यांनासुद्धा पुढं झुकावं लागलं. "तू उतरलास तर काही होणार नाही, मला माहीत आहे. मग पुढच्या वर्षीही तूच उतरशील. जोवर हे तोंड उघडं आहे ना, तोवर कुणीतरी कुणाकडं तरी बघणारच." आणि पेवाच्या खणतीची माती लिंबाशी ढिगानं पडली होती, तिथलं फावडं त्यांनी उचललं.

पहिली माती आत पडली तिचा आवाज मी कधी विसरले नाही. भुईवर पडल्यासारखा नव्हता. दाण्यांवर पडत होती. पाऊल वाळूत रुतावं तसा, सुस्स. आत्यानं तोंडाला पदर लावला. "भाऊ, आरं आन्न हाय त्ये!" आबा थांबले नाहीत. अन्नावर माती टाकणारा माणूस त्याआधी मी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. सोपाननं त्यांच्या हातून फावडं घेतलं. मला वाटलं, अडवतो आहे. त्यानं फावडं भरलं आणि टाकलं, मग पुन्हा, दात आवळून, जणू आतल्या कुणावर तरी टाकत होता. खाटेवरून उठून रंगराव भिंत धरत धरत आला. तात्यांची माणसं त्याला धरायला निघाली, पण तात्यांनी हातानं थांबवलं. रंगरावनं दोन्ही ओंजळींनी माती लोटली, तिथंच खाली बसला आणि खोकत राहिला. मग तात्यांनी त्याला काखेत धरून उठवला, छकड्यात घातला, आणि बैल हाकले.

मी, मूर्ख, त्या वेळी भारावून गेले होते. इतिहास घडतो आहे आणि तो आपल्या अंगणात घडतो आहे असं मला वाटत होतं. टाळ्या कुणी वाजवत नाही याचं आश्चर्य वाटत होतं. आत्यानं मला कोठीत नेलं, रिकामी पोती दाखवली आणि म्हणाली, "झाड ही. कोपऱ्यात काय ऱ्हायलं आसंल तर गोळा कर." त्या संध्याकाळी पंगतीला हुलग्याच्या पिठाचं माडगं होतं, तेही पातळ. पंगत एकच होती. कुणी ताट सरकवलं नाही. कुणी कुणाकडं पाहिलंही नाही.

वार्षिक परीक्षेपर्यंत छकडी येत राहिली. कुणी आजारी आज्याचं सांगे, कुणी बहिणीच्या लग्नाचं. ट्रंका जात, भिंतीवर त्यांच्या मागची ओल दिसे. पोरं जाताना आबांच्या पाया पडत, आणि आबा प्रत्येकाला विचारत, "बीजगणित पुरं करशील ना?" उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा आबांनी रुळाच्या तुकड्यावर घंटा स्वतः दिली. रस्ता मोकळा होता. दुपारपर्यंत मी दारात बसले. उन्हं कलल्यावर डाळजच्या वाटेनं सोपान आला, डोक्यावर वळकटी, पायांना घोट्यापर्यंत धूळ. अंगणात उभा राहून त्यानं त्या लांब पत्र्याच्या घराकडं पाहिलं.

"बाकीची?" त्यानं विचारलं.

आबा म्हणाले, "हात-पाय धू. जेवायला बस."

आत्यानं भिंतीशी दोन ताटं मांडली. एक त्याचं, एक माझं, शेजारीशेजारी, आणि पुढं सगळी रिकामी भुई. आमटी वाढताना तिनं त्याला आधी वाढलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाच राग आला.